लोखंडी सोटा आणि लाकडी बाक

(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

हातातलं काम चालू राहू द्या. शेंगा फोडत असाल तर फोडा, भाकरी थापत असाल तर थापा. गोष्ट ऐकायला कान मोकळे असले की झालं.

आजची गोष्ट लांबची आहे, चीन देशातली. गोष्टीतला माणूस खरा नाही, पुस्तकातला आहे. पण आपल्याकडे भीम म्हटलं की पोरांना गदा आठवते, तसं तिकडे लू झिशेन म्हटलं की लोखंडी सोटा आठवतो. हा लू झिशेन धिप्पाड, खादाड, दारूचा भोक्ता आणि भडक डोक्याचा. डोकं भादरलेला बौद्ध भिक्षू, पण पाठभर गोंदण. म्हणून लोक त्याला 'फुलांचा भिक्षू' म्हणतात. चाळीस किलोचा सोटा घेऊन तो एका सुभेदाराचा जीव घ्यायला एकटाच निघतो, अशी त्याची एक गोष्ट आहे. ती मी सांगणारच आहे. पण आपल्या गटांसमोर हा माणूस आणायचं कारण वेगळं आहे. त्याच्या नावाजलेल्या गोष्टींमधल्या तीन गोष्टी कुणातरी मुलीच्या संकटापासून सुरू होतात. त्यातल्या दोन मुली वाचतात आणि एक वाचत नाही. असं का झालं, एवढंच आज बघायचं आहे.

आधी पुस्तकाचं सांगते. त्याचं नाव 'शुइ हू झुआन', म्हणजे साधारण 'पाणथळीच्या काठची कथा'. शानदोंग प्रांतात लियांगशान नावाचा डोंगर आहे. त्याच्याभोवती त्या काळी मोठी पाणथळ होती. अधिकाऱ्यांच्या जाचाला कंटाळून, कुणी गुन्हा करून, कुणी खोट्या आरोपात अडकून, असे १०८ जण तिथे गोळा होतात आणि सरकारशी टक्कर घेतात. या १०८ मध्ये बायका फक्त तीन. काळ सोंग घराण्याचा. सम्राट हुइझोंग ११०० साली गादीवर आला, त्याच्या राज्यातली ही गोष्ट. बाजारात गोष्टी सांगणारे लोक या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगायचे. पुढे त्यांचं पुस्तक झालं, आणि ते शी नाइआन या लेखकाच्या नावावर चालत आलं. पर्ल बक या अमेरिकन बाईंचं बालपण चीनमध्ये गेलं होतं. त्यांनी १९३३ साली हे पुस्तक इंग्रजीत आणलं. पुढे १९३८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

हे पुस्तक बायकांशी मायेनं वागतं असं मुळीच नाही. कितीतरी बायकांची नावं त्यात फक्त मरण्यापुरती येतात. म्हणून लू झिशेन त्यात उठून दिसतो.

आता त्याचा सोटा. भिक्षू झाल्यावर तो लोहाराकडे जातो आणि शंभर जिन वजनाचा दंड घडवून दे म्हणतो. जिन म्हणजे तिकडचं वजनाचं माप. त्या काळचा एक जिन आपल्या सहाशे ग्रॅमच्या थोडा वर भरायचा. लोहार म्हणतो, बाबा, घडवीन मी, पण तुला पेलणार कसा? गुआन यू हा चीनमधला देवासारखा पुजला जाणारा योद्धा, त्याचं लांब दांड्याचं पातंसुद्धा ८१ जिनांचं होतं. झालं, लू म्हणतो, मग मलाही तेवढंच कर, मी काय त्याच्याहून कमी आहे? लोहार पुन्हा समजावतो की एवढा जाड दंड हातात बरा दिसणार नाही. शेवटी ६२ जिनांवर सौदा ठरतो. म्हणजे आपले जवळपास चाळीस किलो. सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते, त्यावरून अंदाज करा. हल्लीच्या चित्रांत आणि नाटकांत त्या दंडाच्या एका टोकाला चंद्रकोरीसारखं पातं आणि दुसऱ्या टोकाला फावड्यासारखं पातं दाखवतात.

पण पहिली गोष्ट घडली तेव्हा हा सोटा त्याच्याकडे नव्हता. तेव्हा तो भिक्षूही नव्हता. वेइझोऊ नावाच्या गावी लष्करात छोटा अधिकारी होता आणि त्याचं नाव होतं लू दा.

एक दिवस तो दोन ओळखीच्या माणसांना घेऊन खानावळीत बसला होता. शेजारच्या खोलीतून रडण्याचा आवाज येऊ लागला. लू दा वैतागला. ताटवाट्या आपटल्या, मालकाला झापलं. मालक म्हणाला, साहेब, गाणं म्हणून पोट भरणारी बापलेक आहेत, दुःख आवरत नाही म्हणून रडतात. त्यानं त्यांना बोलावून घेतलं. बाप पन्नाशी-साठीचा, मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची. तिचं नाव त्सुइलियन.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. लू दानं बापाला बाजूला घेऊन विचारलं नाही. बाप समोर असताना सगळी हकिगत मुलीनं स्वतःच्या तोंडानं सांगितली.

ती अशी. हे कुटुंब राजधानीहून नातेवाइकांच्या आधारानं इथे आलं, तर नातेवाईक गाव सोडून गेलेले. आई धर्मशाळेतच आजारी पडून वारली. झेंग नावाच्या श्रीमंत खाटकाची नजर मुलीवर पडली. त्यानं मध्यस्थ घातले, धाकदपटशा केला आणि तिला ठेवून घेतलं. कागद केला तीन हजार माळांचा. त्या काळी तांब्याच्या भोकाच्या नाण्यांची माळ करायचे, एका माळेत हजार नाणी धरायचे. कागदावर तीन हजार माळा, आणि बापाच्या हातावर एक नाणंही पडलं नाही. तीन महिने व्हायच्या आत खाटकाच्या बायकोनं मुलीला घराबाहेर काढलं. मग खाटीक म्हणू लागला, माझे तीन हजार परत करा. धर्मशाळेच्या मालकाला त्यानं पहाऱ्यावर बसवलं. आता ही मुलगी खानावळीत गाते, मिळतील त्यातले बहुतेक पैसे खाटकाला जातात, आणि उरतील त्यात दोघं जगतात. दोन दिवस गिऱ्हाईक कमी, हप्ता चुकला, आता तो येऊन चारचौघांत अब्रू घेईल, म्हणून रडू फुटलं.

मैत्रिणींनो, न घेतलेल्या पैशाचं कर्ज. ही गोष्ट नऊशे वर्षांपूर्वीच्या काळातली आहे, पण कोऱ्या कागदावर अंगठा दिलेल्या बाईला ती लगेच समजेल.

लू दा पेटून उठला. म्हणाला, आत्ताच जाऊन त्याला संपवतो. सोबतच्या दोघांनी त्याला मोठ्या मुश्किलीनं आवरलं. आणि आवरलं म्हणून पुढचं सगळं नीट झालं. त्यानं खिसा उलटा केला, पाच तोळ्यांच्या आसपास चांदी निघाली. पुरणार नाही म्हणून सोबत्यांकडे मागितली. एकानं लगेच दहा काढून दिली. दुसऱ्यानं कां-कूं करत दोन काढली, ती लू दानं त्याच्या अंगावर परत फेकली. पंधरा भार चांदी बापाच्या हातात ठेवून सांगितलं, ही वाटखर्चाला घ्या, बोचकं बांधा, पहाटे मी येतो.

पहाटे तो धर्मशाळेत हजर. बापलेक निघाली तसा नोकर आडवा आला. खाटकाचे पैसे फिटल्याशिवाय सोडायचं नाही, असा त्याला हुकूम होता. लू दानं त्याला दोन ठेवून दिल्या आणि बापलेकींना वाटेला लावलं.

आता ऐका, या माणसानं पुढे काय केलं. तो लगेच खाटकाकडे धावला नाही. त्याच्या मनात आलं, मी इथून हललो की हा नोकर त्यांच्या मागे पळेल. म्हणून त्यानं एक बाक ओढून घेतला आणि धर्मशाळेत बसून राहिला. पुस्तकात लिहिलंय, दोन प्रहर बसला. तिकडचा एक प्रहर दोन तासांचा, म्हणजे आपले चार तास. ज्याला खानावळीत क्षणभर दम निघत नव्हता, तो चार तास बाकावर गप्प बसला. बापलेक लांब गेली असतील अशी खात्री झाली, मगच उठला.

त्यानंतर तो खाटकाच्या दुकानी गेला. दहा जिन बिनचरबीचं मांस बारीक करून माग, मग दहा जिन नुसती चरबी माग, मग दहा जिन कुर्च्या माग, असं करत त्याला चिडवलं आणि तीन ठोश्यांत त्याचा जीव गेला. त्याला अद्दल घडवायची होती, माणूस मारायचा नव्हता. पण मेला. चीनमध्ये लोक हे तीन ठोसे अजून रंगवून सांगतात. बाकावरच्या चार तासांबद्दल कमी बोलतात. मला विचाराल तर ती मुलगी ठोश्यांनी वाचली नाही, ती बाकानं वाचली. ठोश्यांनी लू दाची नोकरी गेली, गाव गेलं, डोक्यावर बक्षीस लागलं. त्याला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या गावात लोक भिंतीवरचा सरकारी कागद वाचत होते, तर हाही गर्दीत उभा राहून ऐकू लागला. तो कागद त्यालाच पकडण्याचा होता! तेवढ्यात कुणीतरी मागून त्याला मिठी मारून बाजूला ओढलं. बघतो तर त्सुइलियनचा म्हातारा बाप. म्हणजे ज्यांना यानं वाट दाखवली, त्यांनीच याला वाचवलं. पुढे त्यांच्याच ओळखीनं तो वुताई पर्वतावरच्या मठात गेला आणि भिक्षू झाला.

त्सुइलियनचं पुढे सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. एका श्रीमंत माणसानं तिला वेगळ्या घरात ठेवली होती, लग्नाची बायको म्हणून नव्हे. त्या काळात गरिबाच्या मुलीला याहून जास्त काही मिळणं कठीण होतं. पण ती जिवंत होती, बापाजवळ होती, अन्नाला लागली होती, आणि खाटकाचा कागद तिच्या मानेवर नव्हता.

दुसरी गोष्ट जरा हसण्यासारखी आहे. मठातून राजधानीकडे जाताना लू झिशेन एका खेड्यात रात्रीपुरता थांबला. घरमालक म्हातारा रडवेला. एकुलती एक एकोणीस वर्षांची मुलगी. डोंगरावरच्या दरोडेखोरांच्या दुसऱ्या सरदारानं थोडं सोनं आणि लाल कापड टाकून जबरदस्तीनं सोयरीक ठरवली होती, आणि आज रात्री तो नवरदेव होऊन यायचा होता. लू म्हणाला, मी त्याला धर्माचा उपदेश करीन. आणि पहिलंच काय सांगितलं असेल, तर मुलीला आधी दुसरीकडे लपवा. मुलगी शेजारच्या घरी गेली. मग हा आडदांड भिक्षू सोटा जवळ ठेवून, दिवा विझवून, अंगावरचे कपडे काढून मुलीच्या पलंगावर झोपला. नवरदेव अंधारात चाचपडत आला, त्याचा हात पडला तो लूच्या पोटावर! पुढचा उपदेश बुक्क्यांनी झाला.

पण हाही प्रकार बुक्क्यांवर संपत नाही. मार खाऊन गेलेला माणूस उद्या पन्नास जण घेऊन परत येणार, हे म्हाताऱ्याला कळत होतं. तो लूला म्हणालाही, आता आमच्या घराचं काय होईल? सुदैवानं दरोडेखोरांचा मोठा सरदार निघाला लूच्या ओळखीचा, तोच तो दोन भार चांदीवाला चिक्कू! मग लू म्हाताऱ्याला पालखीत घालून डोंगरावर घेऊन गेला. सरदारासमोर बसवून बोलणं केलं. या माणसाला म्हातारपणी आधार ही एकच मुलगी, तिच्यावरचा हक्क सोड, असं सांगितलं. सोनं आणि कापड परत केलं. आणि नवरदेवाकडून बाण मोडून शपथ घेतली. आपल्याकडे चार माणसांत लिहून घेतात, तसं तिकडे बाण मोडतात. घेतलेलं परत गेलं, बोलणं मुलीच्या बापासमोर झालं, शपथ सगळ्यांदेखत झाली. मुलगी घरीच राहिली.

आता तिसरी गोष्ट. इथे लू झिशेन मारेकरी होऊन निघतो.

मधे बरीच वर्षं गेली आहेत. लू आता पाणथळीवरच्या १०८ जणांत सामील झालाय. आपल्या एका जुन्या दोस्ताला भेटायला तो हुआझोऊकडे येतो. हा दोस्त तोच, ज्यानं खानावळीत क्षणात दहा भार चांदी काढून दिली होती. सोबत वू सोंग आहे, नुसत्या हातांनी वाघ मारल्यामुळे नाव झालेला. तिथे आल्यावर कळतं, दोस्त तुरुंगात आहे.

झालं होतं असं. वांग नावाचा एक चित्रकार नवस फेडायला हुआ पर्वताच्या देवळात भिंतीवर चित्रं काढायला आला होता. सोबत मुलगी होती, युजियाओझी. हुआझोऊचा सुभेदार देवळात उदबत्ती लावायला आला आणि त्यानं मुलगी पाहिली. माणसं पाठवून पाठवून मागणी घातली. बाप नाही म्हणाला. सुभेदारानं मुलगी उचलून नेली आणि बापाच्या तोंडावर गुन्हेगाराचं गोंदण करून त्याला दूरच्या प्रांतात हद्दपार केलं. वाटेत लूच्या दोस्तानं बापाला सोडवलं आणि तो सुभेदाराला मारायला शहरात घुसला. पण आधीच सुगावा लागला आणि तो पकडला गेला.

हे ऐकून लू पुन्हा तसाच पेटला, जसा खानावळीत पेटला होता. वू सोंग म्हणाला, घाई करू नकोस, पाणथळीवर जाऊ, मोठी फौज घेऊन येऊ. बाकीच्यांनीही समजावलं. पण या वेळी त्याला कुणी आवरू शकलं नाही. पहाटे सगळे उठायच्या आत तो सोटा आणि सुरी घेऊन एकटाच हुआझोऊला गेला.

शहरात पुलावर त्याला सुभेदाराची पालखी दिसली. दोन्ही बाजूंनी हत्यारबंद शिपाई. लू थबकला. वार फुकट गेला तर हसू होईल, म्हणून पुढे-मागे करू लागला. पालखीतल्या सुभेदारानं ते खिडकीतून हेरलं. घरी पोचल्यावर त्यानं दोन माणसं पाठवली, भिक्षूला म्हणावं जेवायला या. लूला वाटलं, आयतंच सावज. वाड्याच्या दारात त्याला सांगितलं, मोठ्या माणसाच्या घरात हत्यारं नेत नाहीत, ती इथेच ठेवा. लूनं विचार केला, माझ्या मुठी पुरेत. चाळीस किलोचा सोटा त्यानं दारात ठेवला आणि आत गेला. आत तीस-चाळीस माणसं दबा धरून होती. लूला बांधून कोठडीत टाकलं.

म्हणजे बघा, ज्या सोट्यासाठी त्यानं लोहाराशी वाद घातला, जो उचलायला दुसऱ्या कुणाची छाती नव्हती, तो एका जेवणाच्या निमंत्रणानं हातातून सुटला.

पुढे पाणथळीवरची फौज आली. शहराचा कोट भक्कम होता, म्हणून युक्ती केली. राजधानीहून एक मोठा मानकरी देवळाला अर्पण करायला सोन्याच्या घंटांचं लटकन घेऊन येत होता. त्याला वाटेत अडवलं, त्याचे कपडे घालून आपली माणसं देवळात बसवली आणि सुभेदाराला दर्शनाला बोलावलं. तो आला आणि मारला गेला. फौज शहरात शिरली, तुरुंग फोडला, दोस्त सुटला, लूही सुटला. खजिना गाड्यांवर चढला. लू धावत सुभेदाराच्या मागच्या दालनात गेला आणि त्यानं आपला सोटा आणि सुरी परत घेतली.

आणि युजियाओझी? ती त्याआधीच विहिरीत उडी घेऊन मेली होती.

पुस्तकात हे एवढंच आहे, एका ओळीत. लगेच गोष्ट पुढच्या लढाईकडे वळते. मी पहिल्यांदा ही ओळ वाचली तेव्हा पानं उलटून मागे गेले. तिच्या तोंडी एखादं वाक्य होतं का, ते शोधलं. एकही नव्हतं. तिचा बाप बोलला, दोस्त बोलला, लू बोलला, वू सोंग बोलला, फौजेचा सरदार बोलला. तिला कुणी काही विचारलं नाही. पहिला माणूस गेला तो सुभेदाराला मारायला. दुसरा गेला तोही सुभेदाराला मारायला. फौज आली ती आपल्या दोन माणसांना सोडवायला. या सगळ्या मसलतींत एकदाही असा विचार नाही, की ती मुलगी वाड्यात कुठल्या खोलीत आहे, तिच्यापर्यंत निरोप कसा जाईल, तिला बाहेर काढून कुठे न्यायचं.

त्सुइलियनच्या वेळी लू दा एक साधा शिपाईगडी होता. हत्यार नाही, फौज नाही, खिशात पाच भार चांदी. तरी ती वाचली. युजियाओझीच्या वेळी चाळीस किलोचा सोटा होता, वाघ मारणारा मित्र होता, हजारोंची फौज होती. तरी ती गेली. ताकद वाढली होती, पण क्रम उलटा झाला होता. पहिल्या खेपेला मुलीची वाट आधी आणि खाटीक नंतर. तिसऱ्या खेपेला फक्त सुभेदार.

आता आपल्याकडे येऊ. एखाद्या बाईला नवऱ्यानं मारलं, सासरच्यांनी छळलं, की आपला गट चिडून त्या घरावर जातो. वीस-पंचवीस बाया दारात उभ्या राहिल्या की भलेभले गप्प होतात, हे आपण पाहिलंय. ती आपली ताकद आहे, तो आपला सोटा आहे, आणि तो असायलाच हवा. पण आपण त्याला चारचौघांत सुनावून घरी येतो, आणि रात्री त्या घराचं दार आतून लागतं तेव्हा आत ती एकटीच असते. त्याचा झालेला अपमान तिच्याच पाठीवर निघतो. म्हणून जायच्या आधी, लू दा बाकावर बसला तसं थोडं बसायला हवं.

पहिलं, तिचं तिला सांगू द्या. आईनं सांगितलं, भावानं सांगितलं, शेजारणीनं सांगितलं, ते सगळं ऐका, पण तिला एकटीला विचारा. तिला घर सोडायचंय का, राहायचंय का, पोलिसांत जायचंय का. पुष्कळदा तिचं उत्तर आपल्याला वाटतं तसं नसतं.

दुसरं, आज रात्री ती कुठे झोपणार आणि पोरं कुठे झोपणार, हे आधी ठरवा. माहेरी, मावशीकडे, गटातल्या कुणाकडे. तेही नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' केंद्र असतं, तिथे तात्पुरता आसरा, दवाखान्याची आणि वकिलाची मदत मिळते. १८१ हा बायकांसाठीचा मदतीचा नंबर आहे, आणि जीवावर बेतलं तर ११२. आणि हेही तिला सांगा, की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं तिला राहत्या घरातून असं हाकलता येत नाही, घर तिच्या नावावर नसलं तरी.

तिसरं, वाटखर्च. लू दानं नंतर बघू म्हटलं नाही, तिथल्या तिथे खिसा उलटा केला. गटाच्या पेटीत अशा वेळेसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवायला काय हरकत आहे? एसटीचं तिकीट, दोन दिवसांचं दूध, औषध, फोनचं रिचार्ज. बाई पुष्कळदा पाचशे रुपयांसाठी अडते.

चौथं, बाकावर कोण बसणार? ती निघाली हे दिराला कोण सांगेल, कुणाच्या तोंडून बातमी फुटेल, तिच्या घरासमोर दोन दिवस येत-जात कोण लक्ष ठेवेल. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा फोटो निघत नाही. पण गटात अशी एक तरी बाई असते, जी न बोलता तासन्‌तास बसू शकते. तिला ते काम द्या.

पाचवं, कागद. त्सुइलियनला खाटकानं बांधून ठेवलं ते दोरीनं नव्हे, कागदानं. तीन हजार लिहिले आणि दिलं काहीच नाही. म्हणून कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही-अंगठा देऊ नका. रक्कम हातात मोजून घेतल्याशिवाय तर मुळीच नाही. आपल्या राज्यात २०१४ च्या कायद्यानुसार सावकारी करायला परवाना लागतो. सावकार बिगरपरवाना असेल किंवा खोटा आकडा लावत असेल, तर तालुक्याला सहायक निबंधकांच्या ऑफिसात लेखी तक्रार देता येते. आणि घर सोडणाऱ्या बाईनं आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, पोरांचे दाखले आधी हलवून ठेवावेत. एक पिशवी शेजारणीकडे ठेवली तरी चालते.

एवढं झालं, की मग जा त्या दारात. मग सुनवा, मग पंचायत बोलवा, मग पोलिसांत चला. दुसऱ्या गोष्टीतल्यासारखं चार माणसांत लिहूनही घ्या. त्या वेळी आवाज चढला तरी हरकत नाही, कारण ज्या बाईसाठी आवाज चढवतोय ती आता सुरक्षित आहे.

लू झिशेनचं शेवटी काय झालं, ते सांगून थांबते. बंडखोरांना सम्राटानं माफी दिली, सरकारसाठी लढायला लावलं, आणि त्यात बहुतेक जण मेले. लढाया संपल्यावर मानपान वाटला गेला, तेव्हा लूनं काही घेतलं नाही. हांगझोऊ शहरात नदीकाठी एक उंच मनोरा आहे, तो आजही आहे. तिथल्या मठात तो राहिला. त्या नदीत समुद्राची भरती भिंतीसारखी उसळत येते. एका रात्री तिचा गडगडाट ऐकून त्याला वाटलं युद्धाचे ढोल वाजतायत, आणि सवयीनं तो सोटा घेऊन बाहेर धावला. मठातल्या लोकांनी समजावलं, बाबा, ही लढाई नव्हे, भरती आहे. तो हसला. आपली वेळ झाली हे त्यानं ओळखलं, अंघोळ केली, मांडी घालून बसला आणि तसाच गेला.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं ही गोष्ट काढा. आपल्या गावात अशी वेळ आली तर बाई कुणाकडे झोपेल, पैसे कुठून निघतील आणि बाकावर कोण बसेल, ही तीन नावं वहीत लिहून ठेवा. वेळ कधी येईल ते सांगून येत नाही.

येते. नमस्कार.